आशेचं बिल कोणाच्या नावावर?

मध्य प्रदेश सरकारनं 2016 साली आनंद विभाग काढला. सरकारी खातं म्हटल्यावर मंत्री आले, अधिकारी आले, परिपत्रकं आली. आनंदाला जावक क्रमांक मिळाला. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 पासून आनंदाचा तास सुरू झाला. महाराष्ट्रानं असलं खातं काढलं नाही, कारण आपल्याकडे हे काम पहिल्यापासून खासगी क्षेत्राकडे आहे. ते फ्लेक्सवाले करतात. कुठल्याही तालुक्याच्या चौकात उभं राहा. वर हसऱ्या चेहऱ्यांची रांग, खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मधोमध हात जोडलेला 'भावी आमदार'. तीनदा पडलेला माणूसही भावीच असतो. माजी व्हायला आधी आजी व्हावं लागतं, ती अडचण भावीला नाही.

जागतिक आनंद अहवालात 2024 मध्ये 143 देशांत आपला नंबर 126 वा होता. 2025 मध्ये 118 वा आला. मधल्या वर्षात आपण नेमकं काय केलं म्हणून आठ पायऱ्या चढलो, हे कुणाला सांगता आलं तर त्याला थेट आनंद विभागात घ्यावं.

असो. देशाला आशेची गरज आहे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. राज्यपालांच्या भाषणात ते असतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात असतं, सकाळी सहाला येणाऱ्या सूर्योदयाच्या चित्राखाली असतं. गरज आहेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 11,290 शेतकरी आणि शेतमजुरांनी जीव दिला, त्यातले 4,248 एकट्या महाराष्ट्रातले. हा आकडा आपण दरवर्षी वाचतो, चुकचुकतो आणि पान उलटतो. मग कुणीतरी म्हणतं की शेतकऱ्यांना मानसिक उभारी द्यायला हवी. हवीच की. पण 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याच्या हातात चार हजारांच्या आसपास पडत होते. क्विंटलमागे जेवढी रक्कम कमी पडली तेवढी उभारी द्यायची म्हटलं तर समुपदेशक किती लागतील, याचं गणित कृषी खात्यानं करून बघावं.

राजस्थानातल्या कोट्यात हे गणित करून झालंय. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली पोरं 2023 साली एकामागून एक जीव देऊ लागली, तेव्हा प्रशासनानं ऑगस्टमध्ये वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा आदेश काढला. आठवड्यातला अर्धा दिवस मजेसाठी राखायचंही ठरलं. शिकवणीची फी, निकालांच्या जाहिराती, मोजक्या जागांमागचा तो लाखांचा लोंढा, या कशालाही तेव्हा हात लागला नाही. पंखा तेवढा दोषी निघाला.

आता एक सरळ प्रश्न. देशात आशेची टंचाई आहे का? अजिबात नाही. भाद्रपदातल्या गवतासारखी ती माजलेली आहे. माझा प्रश्न साधा दुकानदारी आहे: तिचं बिल कोण भरतं?

2023 ची तलाठी भरती घ्या. जागा 4,644. अर्ज दहा लाखांच्या वर. अर्जाची फी खुल्या वर्गाला 1,000 रुपये, राखीव वर्गाला 900. सगळे राखीव धरले तरी 90 कोटींच्या वर जातं. दोनशेहून अधिक उमेदवारांमागे एकाला नोकरी लागणार, आणि उरलेल्यांनी त्या एकाच्या आशेचा खर्च उचलायचा. बरं, तलाठ्याची फी भरून माणूस थांबतो थोडाच. पुढे पोलीस भरती येते: जागा 17,471 आणि अर्ज साडेसतरा लाखांवर. जूनच्या पावसात मैदानावर पळणाऱ्या पोरांत इंजिनिअर होते, एमबीए होते. पुण्यात सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन आणि अभ्यासिकेचं भाडं भरून जे पोरगं सहाव्या प्रयत्नाची वाट बघतंय, त्याच्या बापानं गावाकडे काय विकलं ते विचारा. घरमालक, मेसवाला, अभ्यासिकावाला, क्लासवाला, झेरॉक्सवाला, असं आख्खं पेठेचं अर्थकारण त्या पोराच्या आशेवर उभं आहे. शनिवारी तिथेच एखाद्या सभागृहात यशस्वी अधिकाऱ्याचं प्रेरणादायी व्याख्यान असतं. ते मात्र मोफत. जाळ्यात दाणे टाकायचे पैसे कुणी पाखरांकडून घेत नाही.

बेकारानं स्वतःच्या आशेचं बिल स्वतः भरायचं, ही नव्या महाराष्ट्राची रीत. जुन्या महाराष्ट्राची रीत उलटी होती. ती सांगतो, कारण ती आपण विसरलो आहोत आणि विसरताना पगारातून अजून पैसे कापून देत आहोत.

विठ्ठल सखाराम पागे हे विधान परिषदेचे सभापती, 1960 ते 1978. गांधीवादी माणूस, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातला. हाताला काम नसलेल्या माणसाला काम मागायचा हक्क द्यावा, ही त्यांची कल्पना. आधी ती तासगाव तालुक्यात करून बघितली गेली. मग 1972 आला. त्या दुष्काळाच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, सुकडी, खडी फोडणारी माणसं, पाझर तलावाच्या कडेला झोळीत टाकलेलं पोर. मे 1973 मध्ये जवळजवळ 50 लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. एवढी माणसं खडी फोडत होती याचा अर्थ एवढी माणसं जिवंत होती. भुकेनं गावंच्या गावं ओस पडायचा तो प्रसंग होता, तसं झालं नाही. त्याचं श्रेय कुणाच्या भाषणाला देता येत नाही. मस्टरला द्यावं लागतं. मुकादमानं मस्टरवर नाव लिहिलं की आठवड्याला हप्ता मिळायचा, आणि नाही मिळाला तर मोर्चा निघायचा. समाजवादी, लाल निशाण, किसान सभा, सगळ्यांचे निघायचे. कामावर स्त्रियांची संख्या मोठी होती, मोर्च्यातही होती.

पुढे या रोजगार हमी योजनेचा कायदा झाला. विधिमंडळानं 1977 मध्ये केला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागा, पंधरा दिवसांत द्या, नाही दिलं तर भत्ता द्या. जगात असा कायदा तोवर नव्हता. पण मला त्यातला सर्वांत देखणा भाग वाटतो तो पैशांचा. खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी 1975 मध्ये महाराष्ट्रानं व्यवसाय कर बसवला. शहरातला पगारदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांनी भरायचा, आणि जेवढा जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे दादरच्या बँकेतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे आटपाडीच्या नालाबंडिंगवर गेले. कारकून कुरकुरला असेल. त्याला कुणी सकारात्मक राहायला सांगितलं नाही. पैसे कापले, काम झालं.

गोड गोड चित्र रंगवायचं नाहीये. रोजगार हमीत चोऱ्या झाल्या, आणि भरपूर झाल्या. खोटी मस्टरं निघाली, मेलेली माणसं खडी फोडून आली, एकाच तलावाची माती तीनदा मोजली गेली. 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही' ही म्हण काही संशोधकानं केलेली नाही, गावानंच केली. तरी सांगतो, या चोरीत अर्धे का होईना 'तुम्ही'च्या पदरात पडत होते. आजच्या अर्ज-फीच्या धंद्यात तुम्हाला अर्धेही मिळत नाहीत, प्रवेशपत्र मिळतं. तेही परीक्षेचं केंद्र तीनशे किलोमीटरवर असलेलं.

महाराष्ट्राची कल्पना 2005 मध्ये देशाचा कायदा झाली. 2025 च्या डिसेंबरात संसदेनं त्या जागी नवा कायदा आणला. नाव बदललं, दिवस 100 चे 125 झाले, आणि मजुरीचा जो खर्च केंद्र उचलत होतं त्यातला 40 टक्के वाटा बहुतेक राज्यांच्या गळ्यात आला. आता जाहिरातीत मोठ्या अक्षरात काय येणार? 125 येणार. 40 चा आकडा अर्थखात्याच्या फायलीत सुखानं राहील. बिल कोणाच्या नावावर फाडलंय हे न बघता फक्त दिवस मोजणारे लोक हॉटेलात मेन्यू वाचूनच पोट भरत असावेत.

आणि तो व्यवसाय कर? तो चालू आहे. तुमच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 असं वर्षाला 2,500 कापलं जातं. राज्यघटनेनं या कराची कमाल मर्यादा 1988 मध्ये 2,500 ठरवली, ती आजही तेवढीच आहे. या काळात पगार कुठल्या कुठे गेले, घरांचे भाव कुठे गेले, आमदारांचे भत्ते कुठे गेले, ते सांगायला नको. दुसऱ्याच्या आशेसाठी आपण भरायची रक्कम मात्र जागची हलली नाही. त्या 200 रुपयांचा उगम मी ओळखीच्या नोकरदारांना विचारून बघतो. बहुतेकांना तो इन्कम टॅक्सचाच पोटभाग वाटतो. अनोळखी माणसाला जगवण्यासाठी आपण पैसे देतोय हे कळलं असतं तर कदाचित तक्रार केली असती. न कळल्यामुळे पुण्य चालू आहे.

आता थोडं दुसऱ्या दुकानाबद्दल. निराशेचं दुकान. ते चालवणारे आमच्याच बिरादरीतले, म्हणून जास्त बोलत नाही. देश संपला, समाज सडला, लोकशाही गेली, असं ते दर रविवारी वातानुकूलित सभागृहात सांगतात. मधल्या वेळात चहा आणि बटाटेवडा असतो. देश संपल्यावर वडे कोण तळतं ते कळत नाही. खडी फोडणाऱ्या बाईला निराश व्हायची चैन परवडत नाही, कारण सोमवारी मस्टर असतं. निराशाही पोट भरल्यावरच नीट जमते.

आशा कुठे दिसते म्हणून विचाराल तर गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंडांचं गाव आहे. मेंढा-लेखा म्हणतात. वस्ती पाचशेच्या आसपास. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. घोषणा काय, कुणीही देतं. यांनी ती घेऊन वनखात्याच्या दारात ठाण मांडलं. वनहक्क कायद्यानं 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही हक्कांपैकी एक. त्या जंगलात बांबू होता. बांबू तोडायचा हक्क गावाचा, पण विकायला न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. खातं परवाना देईना. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे, वनखात्याच्या पोथीत तो झाड होता, आणि झाड म्हटलं की मालक खातं. या एका अडवणुकीत दोनेक वर्षं गेली. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं कोरं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

कोरं पुस्तक! कुठल्या कवीला त्यावर कविता सुचणार नाही. पण गावचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांच्या गावानं ते घेतलं, बांबू तोडला, स्वतः परवाने फाडले, स्वतः विकला. आशेचा पैसा बाहेरून कुणी दिला नाही, तो गावाच्या जंगलातच होता. फक्त दुसऱ्याच्या कुलपात होता. या देशातल्या कितीतरी निराशा अशाच असाव्यात. समुपदेशनानं जाणार नाहीत, किल्ली दिली तर संध्याकाळपर्यंत जातील.

त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग 1986 पासून काम करतायत. त्यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना बाळाचं वजन करायला, ताप बघायला, श्वास मोजायला, वेळ आली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. इंजेक्शन! शहरातल्या डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि ते 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे सरकारनं हीच घरोघरची बाळसेवा देशभरच्या आशा स्वयंसेविकांकडे सोपवली.

इथेच बिलाचा खरा घोळ आहे. राज्यात 70 हजारांच्या आसपास आशा आहेत. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोग्याची गोळी, रात्री अडीचला कळा सुरू झालेल्या सुनेला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात धावणं, सगळं त्यांच्याकडे. करोनात सरकारनं 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम काढली, तेव्हा स्वतःचं कुटुंब घरी ठेवून इतरांच्या कुटुंबांची जबाबदारी याच घेत होत्या. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या समस्त आशांना पुरस्कार दिला. अभिनंदनाच्या जाहिराती आल्या, ट्विटं आली. नोकरीचा दर्जा आला नाही. त्या कर्मचारी नव्हेत, स्वयंसेविका. पगार नव्हे, मानधन. कर्मचारी म्हटलं तर पेन्शन द्यावी लागते, स्वयंसेविका म्हटलं की टाळ्यांवर भागतं.

2023 च्या संपात मानधनवाढीचं आश्वासन मिळालं. जीआर निघेना. जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप झाला, फेब्रुवारीत हजारो आशा आझाद मैदानात उन्हात बसल्या. मार्चमध्ये महिना 5,000 रुपयांची वाढ मंजूर झाली. निवडणूक जवळ होती हा योगायोग समजावा. गावागावांत धीर वाटत फिरणाऱ्या बाईला स्वतःच्या मानधनाच्या कागदासाठी मैदानात झोपावं लागलं, आणि तिच्यावर भाषण करणाऱ्याला विमानाचं तिकीट मिळतं. ही वाटणी बदलल्याशिवाय या राज्यातल्या कुठल्याही मंत्र्यानं आशावादावर बोलू नये. बोलायचंच असेल तर मानधनावर बोलावं.

फुकटातही काही होतं, नाही असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकी गावांनाही हे करायला सांगितलं. तिजोरीतून एक रुपया गेला नाही. ठराव झाला म्हणून सगळ्यांचे हात लगेच थांबले असं कुणी मानू नये. पण पूर्वी नको म्हणणारी सून एकटी असायची, आता तिच्या बाजूनं ग्रामपंचायतीचा शिक्का आहे. भावकीत शिक्क्याला मान असतो.

तेव्हा एवढंच म्हणणं आहे. यापुढे कुणी आशा वाटायला आलं की दोन प्रश्न विचारा: हिचे पैसे कुणी दिले, आणि लेखी काय आहे? उत्तर फ्लेक्सवर असेल तर घरी जा. मस्टर, परवान्याचं पुस्तक, जीआर, ठराव असलं काही हाती असेल तर थांबा आणि नीट वाचा. गावात राहत असाल तर वर्षातून किमान चारदा ग्रामसभा असते, तिला जाऊन बसा. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते पुरतं. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. तुमच्या गावचे निम्मे निर्णय त्या दुसऱ्या सभेत होतात, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि चार ठेकेदारांच्या उपस्थितीत.